पुडी बांधणाऱ्यांसाठी विमानतळाची माहिती

तुम्ही बांधून दिलेल्या पुडीत काय आहे, ते ती नेणाऱ्याला तुम्ही सांगितलं होतंत का?

‘थोडं गोड आहे’, ‘पोराला खायला दिलंय’ असं नाही. एकेक वस्तू, नाव घेऊन. रोहा-पेण भागात ज्या ज्या घरी मी हा प्रश्न विचारला, तिथे माणसं आधी हसली आणि मग रागावली. परदेशी जाणाऱ्याच्या घरी निघायच्या घटकेपर्यंत पुड्या येत राहतात, ही आमच्याकडची रीत. कुणाच्या भावासाठी पोह्याचे पापड, कुणाच्या नवऱ्यासाठी सुकट, कुणाच्या नातवासाठी झबलं. जाणारा त्या घेतो. नाही म्हणत नाही आणि उघडून बघत नाही. उघडून बघणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं.

मी या रीतीविरुद्ध लिहिलं होतं. छापून वाटलं होतं. त्याचा काय उपयोग झाला ते सांगते.

पेणला आमच्या घरी पलंगाखाली धान्याच्या डब्यांऐवजी पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा ती लिहीत, छापून आणत आणि डोलवीच्या कारखान्याच्या रस्त्यावर शिफ्ट सुटताना उभे राहून वाटत. कंत्राटी कामगारांसाठी, बुजलेल्या गटारासाठी, बंद झालेल्या एस.टी.च्या फेरीसाठी. मी पाटीवर शिकले नाही, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर शिकले. बाबांचा एक नियम होता: पत्रकाच्या शेवटी मागणी हवी. “मागणी नसेल तर ते पत्रक नव्हे, रडगाणं आहे,” असं ते म्हणत. मी पुढे जे काही लिहिलं, ते हा नियम पाळून लिहिलं.

विमानतळाचं पत्रक मी लिहिलं ते माझ्या मैत्रिणीमुळे. ती रोह्याची. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे ती लॅब टेक्निशियन झाली आणि रोह्यातच एका लॅबमध्ये लागली. लेबल नसलेली बाटली ती हातात घेत नसे. मोठ्या डॉक्टरांनी पाठवलेली असली तरी परत पाठवायची. तिच्या घरातले पुरुष दोन पिढ्या आखातात राबले. बाई एकटी कधी गेली नव्हती. तिला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली तेव्हा तिच्या चुलत्यांनी तोंडं फिरवली. तिची आई, आम्ही तिला चाची म्हणतो, एकटी ठाम राहिली. “बापये जातात तवा कोण काय बोलत नाय,” ती म्हणाली. “माझी पोरगी शिकून चाललीय. चोरी करायला नाय.”

तिच्या मागे तिच्या चुलतबहिणी शिकत होत्या. ही नीट गेली, नीट राहिली, तर त्यांनाही वाट मोकळी होणार होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, चुलत्यांना तर जास्तच.

मी स्वतः विमानात बसलेले नाही. मुंबईच्या विमानतळाच्या दारापलीकडे माझं पाऊल पडलेलं नाही. पण विचारायला मला लाज वाटत नाही. रोह्यात सुटीवर आलेल्या माणसांना मी गाठलं आणि खोदून खोदून विचारलं: दारात कोण अडवतो, पट्टा कधी काढायचा, शिक्का कुठे मारतात, ट्रॉली कुठे सोडायची. सगळं सोप्या मराठीत लिहिलं. दारात तिकीट आणि पासपोर्ट हातात धरा, पिशवीच्या तळाशी ठेवू नका. ज्या काउंटरसमोर लांब रांग आहे तो तुमचाच आहे असं समजू नका, वरच्या पाटीवर विमान कंपनीचं नाव बघा. अंगावरचं धातूचं सगळं ट्रेत ठेवा. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, मान डोलावू नका. मान डोलावणं म्हणजे होकार. तिकडे काय नेऊ नये, तेही लिहिलं. त्यात खसखस होती. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते. तिकडच्या काही देशांत ती अफूच्या झाडाची म्हणून बंद आहे, आणि बंद म्हणजे तुरुंगाच्या हिशेबाने बंद. आणि शेवटी, बाबांच्या नियमाप्रमाणे, मागणी: कुणाचीही पुडी उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नका.

रोह्यात या शेवटच्या ओळीवर गहजब झाला. एका आजोबांनी पत्रक माझ्यासमोर चुरगाळलं. “आम्ही काय चोर हाव?” दुसरे म्हणाले, “बापासारखीच. दिसेल तिथे भांडण लावायचं.” मैत्रिणीने मात्र पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं, घडी करून पासपोर्टात ठेवलं आणि हसली.

“विमानात न बसता विमानाचं पत्रक! तुझी कमाल हाय गो.”

“चूक असेल तर सांग.”

“चूक नाय. पण शेवटचं वाक्य एअरपोर्टसाठी ठीक हाय. रोह्यासाठी नाय.”

मी वाक्य काढलं नाही. तीही तिच्या मतावरून हलली नाही.

ती निघाली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. विमान दुपारचं होतं. रोह्याहून सकाळी जीप निघाली. पुढे तिचे मामू, मागे चाची आणि ती, आणि टपावर बॅगा. नागोठणं, गडब करत, खड्डे चुकवत जीप पेणला आली आणि मी चढले. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की जीप भरून माणसं पोचवायला जातात. आत कुणालाच सोडत नाहीत, हे ठाऊक असूनही जातात. त्या दिवशी जीप अर्धी रिकामी होती. चुलत्यांपैकी कुणी आलं नाही, हे चाची दर थोड्या वेळाने मागच्या सीटकडे बघून स्वतःला सांगत होती.

विमानतळाच्या वरच्या रस्त्यावर, काचेच्या दारांसमोर, गाडी थांबली की लगेच पुढे काढायला सांगतात. पण मामूंनी सोबत हुकाचा काटा आणला होता, भाताच्या गोण्या तोलायचा. “आत वजन जास्त भरलं तर तिथे पसारा होतो. हितंच बघू,” म्हणत त्यांनी जीपच्या मागच्या दाराला काटा लटकवला आणि त्याला बॅग. सुटाबुटातली माणसं वळून बघायला लागली. चाची खो खो हसली. “मुंबईच्या एअरपोर्टावर भात जोखतोय माझा भाऊ!”

वजन जास्तच होतं. मैत्रिणीने तिथेच फुटपाथावर बॅग उघडली आणि स्वतःचं सामान काढायला सुरुवात केली. आधी चादर. मग चांगले बूट. मग अभ्यासाचं जाड पुस्तक, जे तिने सेकंड हँड घेऊन कव्हर घातलं होतं. इतरांच्या पुड्यांना ती हात लावत नव्हती.

त्या पुड्यांत मला एक स्टीलचा डबा दिसला, फुलाफुलांच्या फडक्यात बांधलेला, वर दुहेरी गाठ. ती गाठ मी ओळखली. माझी सख्खी मावशी रोह्यात, चाचीच्या आळीच्या तोंडाशी राहते; प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, बायकोपोरासह त्याच शहरात राहतो जिथे मैत्रीण चालली होती.

“हा मावशीचा ना? उघड.”

“नाय.”

“अगं, पत्रकात...”

“पत्रक वाचलंय मी. ही अमानत हाय. दुसऱ्याची ठेव. मी उघडणार नाय.”

“माझ्याच मावशीची आहे. मी उघडते.”

“तुझ्या मावशीने तुझ्या हातात दिली काय? माझ्या हातात दिली.” तिने डबा माझ्याकडून काढून घेतला, पण हसत. “आणि तिने काय दिलं असेल गो? बॉम्ब?”

“लॅबमध्ये बिनलेबलाची बाटली घेत नाहीस ना?”

“ती लॅब. हे आपलं घर हाय.”

शिट्टी वाजली, गाडी पुढे काढा. चाचीने घाईघाईत तिच्या दंडावर हिरव्या फडक्यात नाणं बांधलं, प्रवासात राखण होते म्हणून. मैत्रीण म्हणाली, “अम्मी, आत मशीन बोंबलेल. नाणं ट्रेत ठेवीन, हिच्या पत्रकात लिवलंय तसं.” चाचीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला म्हणाली, “ठेव. पण पलीकडे गेलीस की परत बांध. हे हिच्या पत्रकात नसंल, पण बांध.”

तिकीट आणि पासपोर्ट हातात धरून ती दारात गेली. पिशवीच्या तळाशी शोधत बसली नाही. काचेपलीकडे वर पाटी वाचताना दिसली, मग योग्य रांगेकडे वळली. माझ्या पत्रकातली एकेक ओळ ती पाळत होती, एक सोडून. फुटपाथावर तिचे बूट आणि पुस्तक चाचीने पोटाशी धरले होते.

संध्याकाळी, मगरिबच्या सुमाराला, चाचीचा फोन आला. “पोचली म्हणून तुला कळवलं काय गो?” मला काही आलं नव्हतं. मी म्हटलं, तिकडचं सिम घ्यायला वेळ लागतो. हे मला लोकांनी सांगितलेलं होतं, पत्रकातही होतं.

दुसऱ्या दिवशी मावसभावाचा फोन मावशीला आला. तो मैत्रिणीला उतरवून घ्यायला आणि डबा न्यायला तिकडच्या विमानतळावर गेला होता. विमानातली सगळी माणसं बाहेर आली, ही आली नाही. कुणीतरी सांगितलं, एका मुलीला सामानासकट बाजूला नेलं. त्याने आईला एवढंच विचारलं: “डब्यात काय होतं?” मावशी म्हणाली, अनारशांचं पीठ. “आणि?” आणि पिठाबरोबर खसखस, चांगली पिशवीभर. अनारसे थापायचे तर खसखस नको का? त्याने फोन ठेवला.

मी रोह्याला पोचले तेव्हा मावशी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला, माझं पत्रक लटकवलेलं होतं. भाचीने लिहिलंय म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. मी ते खिळ्यावरून ओढून काढलं.

“मावशी, हे वाचलंस?”

“वाचलं.”

“यात खसखस लिहिलीय.”

“लिहिलंयस. पण ते विमानात बसणाऱ्यांसाठी ना गं? मी कुठे बसत्ये विमानात?”

मी पत्रकातली ती ओळ तिच्यासमोर धरली. ती स्वतःशीच बोलावं तसं पुढे बोलली. “सून म्हणाली होती, इथे सगळं मिळतं, खसखस तेवढी कुठे मिळत नाही. तिकडे मिळत नाही, म्हणून तर पाठवली.”

तिकडे मिळत नाही, म्हणून पाठवली. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडची सगळी माया या एका वाक्यात आहे. जे तिकडे मिळतं ते कोण पाठवतो? का मिळत नाही, हे विचारायचं मात्र राहून जातं.

मैत्रीण अजून तिकडेच आहे, कोठडीत. तिकडे अशा लोकांसाठी धडपडणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्यामार्फत निरोप येतो. तिकडच्या पोलिसांनी तिला विचारलं, डबा कुणाचा? ती म्हणाली, शेजारणीने दिला. कुणासाठी? यावर तिने नाव सांगितलं नाही. त्याच्या घरात लहान मूल आहे, एवढंच ती त्या बाईंजवळ म्हणाली. ठेव म्हणून घेतला, म्हणजे तिच्या लेखी तो तिचाच डबा होता. हॉस्पिटलची नोकरी गेली. त्या बाई म्हणतात, ज्याच्यासाठी डबा होता त्याने येऊन सांगितलं तर फरक पडेल.

म्हणून मी आणि चाची मावशीकडे गेलो. चाची काही बोलायच्या आत मावशी रडायला लागली. चाचीनेच तिला पाणी दिलं. “तू गोडच दिलंस ना गो. विष थोडंच दिलंस,” ती म्हणाली. मग तिच्या हाताला धरून: “पण तुझ्या पोराला सांग. एवढं जाऊन सांगू दे, की ही पुडी माझ्यासाठी होती. माझी पोरगी सुटंल.”

मावशीने आमच्यासमोर फोन लावला. मावसभाऊ सगळं ऐकून म्हणाला, “आई, मी गेलो तर मलाही आत घेतील. हिचं आणि पोराचं काय?” त्याचा आवाज मोठा नव्हता, पण खोली लहान होती. मावशीने आमच्याकडे पाठ केली. मग म्हणाली, “नको जाऊस.”

चाची उठली. चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला. मी मावशीला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. ती म्हणाली, “तू आई हो, मग बोल.” नंतर तिने स्वतःच्या नावाने कागद करून दिला, की पुडी माझी, खसखस माझ्या घरातली, खाण्यासाठी दिलेली. शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं वळणदार अक्षर. त्यात मुलाचं नाव नाही. तो कागद तिकडे पोचला. त्याने काही झालं नाही.

रोह्यात काय काय बोललं जातं ते मी ऐकलं आहे. ‘ड्रगची केस.’ ‘त्यांच्यातल्या पोरी, दुसरं काय.’ ज्या स्वयंपाकघरातून खसखस निघाली त्या घराकडे कुणी बोट दाखवत नाही. चुलत्यांनी त्या बहिणींची कॉलेजं थांबवली. एकीचं लग्न ठरतंय. चाची भांडायला गेली नाही. भांडायचं बळ तिने लेकीला पाठवतानाच वापरून संपवलं असावं.

मी पेणला परत आले आणि नवं पत्रक लिहायला बसले. लिहिता येईना. पत्रकाला समोर कुणीतरी लागतं. मालक लागतो, साहेब लागतो, खुर्ची लागते. इथे कोण होतं? नियम तिकडचा, उघड लिहिलेला. विमानतळाच्या दाराबाहेर मला चाकू, लायटर यांची चित्रं दिसली, खसखशीचं दिसलं नाही. पण ते चित्र लावलं असतं तरी ते पाहायला मावशी तिथे होती कुठे? नोकरी लावून देणाऱ्यांनी मुलाखतीत कसं बसायचं ते शिकवलं, पुडीचं कुणी काढलं नाही. एवढ्यावर मी दोन ओळी कडक लिहू शकते, लिहिल्याही, आणि खोडल्या. कारण मैत्रिणीला कोठडीत घालणारी गोष्ट मायेने निवडून, पाखडून, पिशवीत भरली गेली होती. मायेविरुद्ध पत्रक कसं काढतात, ते बाबांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी माझा खोडलेला कागद हातात घेतला. मग म्हणाले, “मागणी काय आहे तुझी?” माझ्याकडे मागणीच नव्हती. पहिल्यांदा.

ती मला चाचीकडे मिळाली. गेल्या आठवड्यात चाचीच्या आळीतला एक माणूस सुटी संपवून परत निघाला, त्याच शहराला. त्याच्या पडवीत पुन्हा पुड्या जमल्या होत्या. बांधलेल्या, गाठी मारलेल्या. आळीतल्या एवढ्या गोष्टीनंतरही कुणी काही विचारत नव्हतं. चाची आली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. तिने लेकीसाठी लोकरीची शाल आणली होती. त्या बाईंनी सांगितलं होतं की कोठडीत एसी फार गार असतो. शाल तिला मिळेल की नाही, त्यांनाही माहीत नाही.

चाची त्याच्यासमोर खाली बसली आणि तिने स्वतः फडकं सोडलं. शाल उलगडली, पूर्ण, दोन्ही हात लांब करून. झटकली. उलटी केली. काठाची शिवण बोटांनी दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

“राहू दे चाची,” तो म्हणाला. त्याला बघवत नव्हतं. “तुझ्यावर भरवसा नाय काय मला?”

“भरवसा हाय म्हणून तू इचारणार नायस,” ती म्हणाली. “म्हणून मीच दाखवते.” आणि तिने शाल पुन्हा एकदा झटकली. पडवीत बसलेल्या बायका आपापल्या पुड्यांकडे बघायला लागल्या. एकही गाठ सुटली नाही. चाचीने शालीची घडी केली, फडकं न बांधता त्याच्या हातात दिली आणि घरी गेली.

मी चुकीच्या माणसांसाठी पत्रक लिहिलं होतं. जाणाऱ्याला मी ‘उघडून बघ’ म्हणत होते. ते त्याला कधीच जमणार नाही, आणि माझ्या मैत्रिणीसारख्या माणसाला तर मुळीच नाही. विमानतळाची पहिली तपासणी मुंबईत होत नाही. ती रोह्यात, पेणमध्ये, गडबला, तुमच्या ओट्यावर व्हायला हवी, आणि ती करणारे तुम्ही आहात, जे काचेच्या दाराबाहेरच राहणार आहात.

म्हणून मागणी एवढीच. तुमच्या आळीतून पुढचं माणूस निघेल तेव्हा बांधलेली पुडी घेऊन जाऊ नका. ती त्याच्यासमोर तुम्ही स्वतः सोडा, आतली एकेक वस्तू नाव घेऊन त्याच्या हातात द्या. जी वस्तू ‘तिकडे मिळत नाही’ म्हणून देताय, ती परत घरी न्या. आणि तो ‘राहू दे’ म्हणाला, तरी थांबू नका.